दादाच्या डोक्यावर उभी राहून

आमच्या खेळात एक उंच भिंत होती. एकट्याने कितीही उड्या मारल्या तरी तिच्यापलीकडचं दिसायचं नाही. त्यासाठी दोघं लागायची. एकाने भिंतीला चिकटून खाली बसायचं, दुसऱ्याने उडी मारून त्याच्या डोक्यावर उभं राहायचं आणि मग खालच्याने सावकाश उठायचं. आमच्यात खाली नेहमी दादा असायचा आणि वर मी.

हे सगळं अर्थात कॉम्प्युटरवर. पाच विरुद्ध पाच असा तो बंदुकांचा खेळ. पडद्यावर आपला चेहरा नाही, फक्त आपल्याला दिसतं ते आणि हातातली बंदूक. पुण्यात तेव्हा जिथे तिथे सायबर कॅफे निघाले होते. कात्रजला आमच्या घराजवळ होता तो एका इमारतीच्या तळमजल्यावरचा गाळा. पुढच्या बाजूला झेरॉक्स आणि प्रिंट, पडद्यामागे एकमेकांना जोडलेले दहाएक कॉम्प्युटर. मी पहिल्यांदा गेले तेव्हा मालकाने न बघताच विचारलं, "किती पानं काढायचीत?" खेळायला मुलगी आली असेल हे त्याच्या डोक्यातही आलं नाही.

मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होते. दादा बी.कॉम. होऊन नोकरी शोधत होता. त्याच्या संघातला एक जण शिकायला बंगलोरला गेला आणि जागा रिकामी झाली, म्हणून त्याने मला नेलं. बाकीच्या तिघांनी तोंडं वाकडी केली. दादा एवढंच म्हणाला, "तुमच्यातलं कुणी माझ्यामागे वेळेवर येतं का? ही येईल."

दार ओलांडून आत शिरायचं असेल तर दोघांनी पाठोपाठ जायचं, हे त्याने मला आधी शिकवलं. पहिला आत गेला की लपलेला शत्रू त्याच्यावर गोळी झाडतो आणि त्यामुळे तो कुठे आहे ते कळतं. त्याच क्षणी दुसऱ्याने त्याला टिपायचं. पहिला बहुतेक वेळा मरायचाच. शत्रू मारल्याची नोंद मात्र दुसऱ्याच्या नावावर व्हायची, त्यामुळे सगळ्यांना दुसरं व्हायचं असायचं.

"मी पडलो तर थांबू नकोस," दादा सांगायचा. "माझ्याकडे बघूसुद्धा नकोस. सरळ आत ये."

पावलं जुळवायलाही त्यानेच शिकवलं. हेडफोनमध्ये समोरच्याला आपल्या पावलांचा आवाज जायचा. दोघं एकाच तालात चाललो आणि एकदम थांबलो तर ऐकणाऱ्याला वाटायचं, एकच माणूस येतोय. शेजारच्या खुर्चीवर बसून तो हळूच "चल", "थांब" म्हणायचा. पुढे पुढे त्याला म्हणावंही लागेना.

सगळ्यात अवघड होती ती धावती उडी. मी त्याच्या डोक्यावर उभी, खाली तो पळतोय आणि मीही वर तसंच पळतेय. कड्यापाशी आलं की मी उडी मारायची. दोघांचा वेग एकत्र मिळून मी जिथे एरवी कुणी पोचू शकत नाही अशा पलीकडच्या कठड्यावर पडायचे. कुणी किंचित चुकलं की मी खाली. दुपारी कॅफे रिकामा असायचा तेव्हा आम्ही दोघंच हे पुन्हा पुन्हा करत बसायचो. संघात इतर कुणाला ते जमलं नाही. आमच्यापैकी एक जण नसला तर ही उडी नाही, आणि ती नसली तर आमच्या संघात विशेष काही नाही, हे सगळ्यांना माहीत होतं.

लोणी काळभोरच्या बाजूला एका कॉलेजच्या महोत्सवात स्पर्धा होती. आईपप्पा आदल्याच दिवशी लग्नासाठी गावी गेले होते. सकाळी उठले तर दाराच्या मागे दादाचा पांढरा शर्ट हँगरला लावलेला दिसला. इस्त्री पप्पांच्या हातची होती. बाहीवरची घडी इतकी सरळ दुसऱ्या कुणाला जमत नाही. खाली पॉलिश केलेले बूट.

दादाने एका कॉल सेंटरमध्ये अर्ज केला होता हे मला माहीत होतं. मुलाखतीचा दिवस माहीत नव्हता. तो शर्ट बघितल्यावर मात्र माहीत नव्हता असं मला म्हणता येणार नाही. मी शर्टासमोर उभी राहिले आणि दादाला विचारावं असं मनात आलं. त्याच्या मागोमाग हेही आलं की विचारलं तर तो जाईल. मी दात घासायला गेले.

बाहेर आले तर दादा टी-शर्ट घालून तयार. "आवर. हडपसरला बस बदलायचीय."

अंतिम सामना शेवटच्या डावापर्यंत गेला. आमचे तिघे पडले होते, समोर तिघं शिल्लक होते. दादाने माझ्याकडे बघितलंही नाही. त्याचं पात्र भिंतीशी जाऊन बसलं, मी वर चढले आणि आम्ही पळालो. मी उडी मारली त्याच क्षणी मागे गोळीचा आवाज झाला आणि शेजारच्या खुर्चीवर दादाने कीबोर्डवरचे हात उचलले. मी कठड्यावर होते. समोर तिघांच्या पाठी. एकालाही वर बघायचं सुचलं नाही; एकामागून एक तिघांनाही मी टिपलं.

त्यानंतरचा गोंधळ मला आजही ऐकू येतो. माइकवरचा मुलगा "मुलगी आहे, मुलगी!" असं ओरडत होता. मला स्टेजवर ओढून नेलं, चषक माझ्याच हातात दिला, फोटोही माझेच काढले. दादा खाली आमच्या सगळ्यांच्या बॅगा सांभाळत उभा होता आणि मनापासून हसत होता.

घरी पोचलो आणि पप्पांचा फोन आला. मी उचलला.

"इंटरव्ह्यू कसा झाला त्याचा?"

मी दादाकडे बघितलं. तो बूट काढत होता. पप्पांचा आवाज त्याला तिथवर ऐकू गेला असावा. मान वर न करताच तो हळू म्हणाला, "सांग, चांगला झाला."

"चांगला झाला म्हणतोय," मी म्हणाले.

"चांगला ना?" पप्पा खूश झाले. "मी म्हटलंच होतं."

पुढचे कित्येक दिवस फोन वाजला की पप्पा दुसऱ्या खोलीतून उठून यायचे. रविवारी आईबरोबर विहारात गेले की तिथे कुणाला तरी सांगायचे, मुलाचं काम होत आलंय. मी पुस्तक उघडून बसलेली असायचे आणि मला एक अक्षर दिसायचं नाही. शेवटी दादाच म्हणाला, "नाही घेतलं त्यांनी." पप्पा म्हणाले, "का पण?" का घेतलं नाही, हे त्यांना कधीच कळलं नाही. ते गेले तेही हेच समजून, की मुलगा कुठेतरी कमी पडला.

दादा मोबाइलच्या दुकानात लागला. तात्पुरता, असं म्हणत होता. मला कॉलेजमधूनच हिंजवडीतल्या कंपनीत नोकरी मिळाली. त्या संध्याकाळी दादा पेढे घेऊन आला आणि शेजारीपाजारी स्वतः वाटून आला. मी माझा पेढा तसाच झाकून ठेवला. खेळ कधी सुटला ते आठवत नाही. कॅफेच्या जागी औषधांचं दुकान आलं.

मग मी भरपाई करायला लागले. माझ्या कंपनीत जागा निघाली की त्याला कळवायचं, कुठल्या कोर्सची माहिती पाठवायची, कुणाच्या तरी ओळखीने त्याचा बायोडेटा पुढे सरकवायचा. तो प्रत्येक वेळी म्हणायचा, "बघतो." तोपर्यंत त्याने धनकवडीत स्वतःचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान टाकलं होतं. तरी मी पाठवतच राहिले.

एका दुपारी त्याच्या दुकानात बसले होते. बोलता बोलता पप्पांचा विषय निघाला आणि मला राहवलं नाही.

"मी तो शर्ट बघितला होता," मी म्हणाले.

"कुठला शर्ट?"

मी सांगितलं. सकाळचं, हँगरचं, विचारावंसं वाटून न विचारल्याचं. तो हातातला स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवून ऐकत होता.

"विचारलं असतंस तर मी म्हटलं असतं, इंटरव्ह्यू सोमवारी आहे," तो म्हणाला. "मला जायचंच नव्हतं तिकडे. शिफ्टमध्ये बसून परदेशातल्या लोकांच्या शिव्या खायच्या. पप्पांना नाही म्हणायची हिंमत नव्हती, तुझी मॅच बरी सापडली."

"खरंच?"

"आता शपथपत्र देऊ का?"

मी हसले नाही. तोही हसला नाही. मग म्हणाला, "म्हणजे त्या नोकऱ्यांच्या मेल... ते याच्यासाठी?"

मी मान हलवली.

"मला वाटायचं, तुला माझ्या दुकानाची लाज वाटते."

"नाही रे दादा."

"मग? इतकी वर्षं माझ्याकडे बघून तुला काय दिसायचं? बहिणीपायी वाया गेलेला माणूस?"

मला तेच दिसायचं. त्याचं दुकान, त्याच्याकडे लांबून येणारी माणसं, दुसरीकडे बंद पडलेला फोन इथे चालू होतो म्हणून त्याचं होणारं नाव, यातलं काही मी धड बघितलंच नव्हतं. त्या सकाळबद्दल मला जेवढं वाईट वाटत आलं होतं, त्याहून जास्त याबद्दल वाटलं. त्याने सांगितलेलं खरं होतं की मला मोकळं करायला रचलेलं, हे मला अजूनही ठरवता आलेलं नाही. पण त्याचा दुखावलेला चेहरा खरा होता.

गिऱ्हाईक आलं. तो उठला. "गाडी जरा पुढे घे तुझी," एवढंच म्हणाला. "लोकांना आत यायला जागा नाही."

बरेच दिवस त्याचा फोन आला नाही. मलाही धीर होत नव्हता. मग एका रविवारी मीच लावला.

"काय चाललंय?"

"काही नाही. फोन उघडून बसलोय एकाचा. खडकवासल्याला पाण्यात पाडला."

मी विचारलं, पाणी गेल्यावर आत नेमकं काय बिघडतं. तो मग सांगायला लागला आणि बराच वेळ सांगत राहिला. सगळं कळलं असं नाही. मी मध्ये न बोलता ऐकत होते.