मीटरमधला सातचा आकडा

मीटर बसवणाऱ्या इंजिनिअरने मला फसवले. लोणखेड्याजवळ माझा पपईच्या टुटी-फ्रुटीचा कारखाना आहे. कढयांना जाणाऱ्या वाफेवर त्याने मीटर बसवले. वाफेचे वजन तिच्या दाबावर ठरते, म्हणून सोबत दाबाचा सेन्सर लागतो. मी भाव पाडला, तो माझा स्वभावच आहे. त्याने हसत होकार दिला, सेन्सर गुपचूप वगळला आणि मीटरमध्ये दाबाचा आकडा कायमचा सात भरून ठेवला. बिलावर मात्र सेन्सर लिहिला. मी बिल वाचले, पाईप पाहिला नाही.

सगळ्या कढया चालू झाल्या की आमचा दाब चारवर येतो. मीटर तरी सातच धरायचे आणि वाफ खऱ्यापेक्षा खूप जास्त दाखवायचे. वाफ वाया घालवतोस म्हणून मी कढयांवरच्या जुन्या कारागिरावर ओरडलो.

“शेठ, मी वाफ काय डबामा भरीसन घर लई जास?” तो म्हणाला.

सगळे हसले. माझे डोके फिरले आणि मी त्याला तिथेच कामावरून काढले.

दोन महिन्यांनी मीटर तपासायला आलेल्या एका मेकॅनिकने विचारले, “शेठ, दाबाची वायर कुठंय?” वायर नव्हतीच.

त्याच दिवशी मी कारागिराच्या घरी सारंगखेड्याला गेलो. त्याने चहा पाजला, पण परत यायला तयार नाही.

“तुमना इस्वास मीटरवर शे, मन्हावर नही.”

ओरडलो मी, ते मला कबूल आहे. पण सात भरणारा आता माझा फोनही उचलत नाही. त्याने सारंगखेड्याला यावे, त्या माणसासमोर बसावे आणि सेन्सर का बसवला नाही ते तोंडावर सांगावे.