तेलाच्या बोल्टाची तार

ओविदिओ गारेइस कुणाकडेही गेला तरी माते चहाचा एकच भोपळा प्यायचा. नळी तोंडातून काढली की भोपळा परत द्यायचा, "ग्रासियास" म्हणायचा आणि टोपी उचलायचा. आमच्याकडे भोपळा एकच, नळी एकच आणि ओतणाराही एकच. परत देताना "ग्रासियास" म्हटलं नाही तर पाळी पुन्हा येते. आभार मानले की संपलं, तुम्ही बैठकीतून उठलात. ओविदिओ पहिल्याच पाळीला उठायचा, म्हणून गावाने त्याला माणूसघाणा ठरवून सोडून दिलं होतं.

तो मुळात तसा नव्हता. रेल्वेच्या कारखान्यात तो फिटर होता आणि रविवारी मित्राची, इलारिओ श्मिटची, शर्यतीची मोटरसायकल सांभाळायचा. गावाबाहेरच्या मातीच्या गोल ट्रॅकवर इलारिओ गाडी पळवायचा आणि ओविदिओ कडेला ताणलेल्या दोरापाशी डोळे मिटून ऐकायचा. इंजिन कुठे अडखळतंय ते त्याला कानाने कळायचं.

शर्यतीच्या गाडीत इंजिनखालचा तेलाचा बोल्ट नुसता आवळून भागत नाही. त्याच्या डोक्याला भोक पाडायचं, त्यातून तार ओवायची, पिळायची आणि शेजारी घट्ट बांधायची. म्हणजे हादऱ्याने बोल्ट फिरू बघतो, तेव्हा तार त्याला धरून ठेवते. एका रविवारी ओविदिओने तेल बदललं, बोल्ट आवळला, तेवढ्यात कुणीतरी गरम सॉसेज घातलेला पाव त्याच्या हातात दिला. पाव खाऊन झाला, तार राहून गेली. तिसऱ्या फेरीला वळणावर तेल मागच्या चाकावर आलं, गाडी घसरली आणि इलारिओचा पाय तीन ठिकाणी मोडला.

इलारिओ त्याला एका शब्दाने बोलला नाही. हॉस्पिटलमधून घरी आल्यावर त्याने अंगणात दोन खुर्च्या टाकायला लावल्या आणि ओविदिओला माते ओतला. ओविदिओ प्यायला, "ग्रासियास" म्हणाला आणि पुन्हा त्या अंगणात त्याने पाऊल टाकलं नाही. त्याला एकोणीस वर्षं झाली.

यंदा एप्रिलमध्ये त्याच्या दारात एक पिकअप थांबली. इलारिओची मुलगी सेलिना खाली उतरली.

"ओविदिओकाका, बाबांची गाडी इथे उतरवतेय. नाही म्हणायचं असेल तर लगेच म्हणा, इंजिन चालू ठेवलंय."

गाडी इतकी वर्षं खुराड्यात होती. सीटवर पेंढा, टाकीवर पांढरे ओघळ, साखळीची गंजून काठी झालेली.

"कोंबड्यांना विचारलंस का?" ओविदिओ म्हणाला.

"विचारलं. लाल कोंबडी जरा नाराज आहे." सेलिना हसली. "ऑगस्टमध्ये क्लबला साठ वर्षं होतायत. जुन्या गाड्यांची शर्यत ठेवलीय. मला हीच पळवायचीय."

"बापाला माहीत आहे?"

"खुराड्याचं कुलूप त्यांनीच काढलं. म्हणाले, ओविदिओकडे नेणार असलीस तर ने. दुसऱ्या कुणाकडे न्यायची असेल तर कोंबड्यांनाच राहू दे."

ओविदिओने खिशातलं फडकं काढलं आणि पुसण्यासारखं काही नसताना बराच वेळ हात पुसले. मग म्हणाला, "घे मागे. सावकाश. हँडल मी धरतो."

पिस्टन सिलिंडरला धरून बसला होता. त्याने वरून डिझेल ओतलं आणि रोज संध्याकाळी लाकडी दांडा ठेवून हलकासा एक टोला दिला. नऊ दिवस काही हाललं नाही. दहाव्या दिवशी पिस्टन केसभर सरकला आणि ओविदिओ दांडा मांडीवर घेऊन स्टुलावर बसूनच राहिला. कार्ब्युरेटरमध्ये मुंग्यांनी घर केलं होतं. क्लचच्या चकत्या एकमेकींना चिकटल्या होत्या. त्या त्याने सुरीने एकेक सोडवल्या. चाकाची एकेक तार टिचकी मारून ऐकली. जी बद्द वाजली ती बदलली.

शेवटी बोल्ट उरला. त्याने भोक पाडलं, तार ओवली, पिळली. तोडली. पुन्हा ओवली. चौथ्यांदा तार तोडताना सेलिना म्हणाली, "काका, बोल्ट बांधताय की वेणी घालताय?"

तो हसला नाही. "पोरी, तुला सांगायला हवं. त्या दिवशी तार मी विसरलो होतो."

"अख्ख्या गावाला माहीत आहे. मी नऊ वर्षांची होते तेव्हापासून ऐकतेय." तिने तारेचं भेंडोळं त्याच्याकडे सरकवलं. "म्हणून तर मी निर्धास्त आहे. ही तार कधीच विसरणार नाही असा माणूस गावात एकच आहे."

शर्यतीच्या सकाळी इलारिओ काठी टेकत आला. बगलेत थर्मास, हातात भोपळा. वळणावर टेकायच्या डाव्या बुटाला लावतात तो लोखंडी तळ त्याने मुलीच्या पायाला स्वतः बांधला. ओविदिओकडे बघून त्याने मान हलवली, बस्स.

सात गाड्या सुटल्या. ओविदिओने दोर धरला आणि डोळे मिटले. पहिली फेरी. दुसरी. तिसऱ्या फेरीला गाडी त्या वळणाकडे गेली तेव्हा त्याच्या बोटांत दोर रुतला. आवाज वळणावर खाली उतरला, भरून आला आणि सरळ रस्त्यावर मोकळा सुटला. तो कुठेही अडखळला नाही. सहा फेऱ्या झाल्या. सेलिना चौथी आली आणि पहिली आल्यासारखी ओरडत परतली.

ओविदिओ गुडघ्यावर बसला आणि इंजिनखाली हात घातला. तळव्याला धूळ लागली होती. तेलाचा थेंब नव्हता. तसाच तळवा त्याने इलारिओसमोर धरला.

इलारिओने तळवा पाहिला आणि थर्मासचं झाकण काढलं.

"पाय माझा मोडला, गाढवा," तो ओतता ओतता म्हणाला. "अंगण कुठे मोडलं होतं? एकोणीस वर्षं दोन खुर्च्या मांडून एकटाच ओततोय, एकटाच पितोय. बायको म्हणते, वेड लागलंय मला."

ओविदिओने भोपळा दोन्ही हातांनी घेतला. माते कडू होता, जसा इलारिओचा नेहमी असायचा. नळी खळखळेपर्यंत तो प्यायला. आयुष्यात कुणाचे मानले नसतील इतके आभार त्याच्या घशात येऊन उभे राहिले. ओठ हललेसुद्धा. इलारिओ त्याच्या तोंडाकडे बघत होता.

ओविदिओने ओठ मिटले आणि भोपळा पुढे केला.

"काय?" इलारिओने विचारलं.

"पाणी जरा कोमट आहे तुझं," ओविदिओ म्हणाला, आणि आपल्या पाळीची वाट बघत तिथेच, धुळीत, बसला.