आत्यांचं रानटी कृष्णकमळ

माझ्या बायकोच्या आत्यांचा देवावर बेताचा, डॉक्टरांवर त्याहून बेताचा, आणि सोसायटीच्या भिंतीवर चढलेल्या एका वेलीवर मात्र पूर्ण विश्वास आहे. वेल म्हणजे रानटी कृष्णकमळ. खडकवासल्याच्या वाटेवर कुंपणावर दिसलं, तशी आत्यांनी त्याची पिकली फळं रुमालात बांधून आणली आणि सहकारनगरात बिया पेरल्या. फूल नाजूक, पांढरं-जांभळं. फळ हिरव्या जाळीत, टोपडं घातलेल्या तान्ह्या बाळासारखं. पण पान चुरगळलं की असा वास सुटतो की पाहुणे आपापल्या चपला उलटून बघतात.

डोकं दुखलं की आत्या हाच पाला वाटून कपाळावर थापतात, कुणाला दम लागला की त्याचा काढा, झोप येत नसेल तरीही काढाच. कच्च्या फळाला मात्र कुणाला हात लावू देत नाहीत. "विषारी असतं ते. पिवळं झाल्याशिवाय तोंडात टाकाल तर याद राखा," हा दम मला पन्नाशीत मिळालेला आहे. एकदा तो हिरवा लेप लावूनच त्या मंडईत गेल्या. भाजीवाली घाबरली. "आजी, डोक्याला काय झालं?" "अजून काही नाही. तुझे भाव ऐकायचेत ना, म्हणून आधीच लावून आलेय."

एके दिवशी सोसायटीचे चेअरमन माळ्याला घेऊन आले. "अहो, वास सहन होत नाही. वेल आज जाणार." आत्या भिंतीला पाठ लावून उभ्या राहिल्या. "आधी मला कापा." मग चेअरमनांच्या चेहऱ्याकडे बघून एकदम म्हणाल्या, "झोप लागत नाही ना तुम्हाला?" पत्नी गेल्यापासून त्यांची झोप उडाली होती. बिल्डिंगीत सगळ्यांना ठाऊक होतं. विचारलं कुणीच नव्हतं. "संध्याकाळी वर या, काढा देते," आत्या म्हणाल्या, आणि माळ्याचा कोयता तसाच राहिला.

ते आले, तोंड वाकडं करत काढा प्याले आणि वेलीच्या वासावरून तासभर भांडून गेले. दुसऱ्या दिवशी पुन्हा आले. मग रोजच. हळूहळू माणूस झोपायला लागला, आणि वेल वाचली.

"आत्या, पानं किती घालता हो?" मी विचारलं.

"एकही नाही, जावईबापू. नुसता गवती चहा आणि सुंठ. ज्याला वासाचा तिटकारा, त्याला पाला कशाला पाजू? बोलायला कुणी नव्हतं त्यांना."

यंदा चेअरमन मुलाकडे नागपूरला राहायला गेले. परवा गेलो तेव्हा आत्या खिडकीशी बसल्या होत्या. खाली वेल फुलांनी भरलेली. "घाण वास येतो म्हणणारं एक माणूस उरलं नाही हो बिल्डिंगीत," त्या म्हणाल्या.

"येतो की," मी म्हणालो. "जिन्यापर्यंत येतो. कापायलाच हवी ती."

आत्यांनी माझ्याकडे वळून बघितलं. "तुम्हाला काय कळतंय त्यातलं! बसा आधी खाली," म्हणाल्या, आणि लगबगीने चहाचं आधण ठेवायला आत गेल्या.