दुपारी उठणारं पुरळ

आधीच सांगते — भूतखेत, दृष्ट, करणी यातलं मी काहीही मानत नाही. अमावास्येला नारळ ओवाळून टाकणाऱ्या बायकांची मी आयुष्यभर चेष्टा केलीय... माझ्या जिभेला हाड नाही असं आई म्हणायची, ते काही उगाच नाही. त्यामुळे हे वाचून कुणी ‘तुम्हाला भास झाला असेल’ म्हटलं तर मला राग येणार नाही. मीसुद्धा तेच म्हटलं असतं.

गोष्ट नव्वदच्या दशकातली, नेरूळची. सारसोळे गावाच्या अलीकडे तीन मजली बिल्डिंगा होत्या, त्यातल्या एकीत तळमजल्यावर माझी थोरली बहीण सुनंदा राहायची. आम्ही मूळचे साताऱ्याकडचे. दाजी बेलापूरला सरकारी ऑफिसात क्लार्क होते. ताई बाळंतपणात गेली, मुलगी वाचली. ताईने तिला एकदाच छातीशी घेतलं होतं, तेही नर्सने हात धरून.

माझी केमिस्ट्रीची बी.एस्सी. नुकतीच झाली होती आणि एम.एस्सी.साठी पुण्याला जायचं ठरलं होतं. ‘थोडे दिवस राहून ये, पोर जरा बाळसं धरू दे,’ म्हणून आमच्या वडिलांनी, आबांनी, मला नेरूळला पाठवलं. घरात दाजी आणि त्यांची आई. त्यांना मी काकू म्हणायचे. बारशाचं कुणाला सुचलंच नव्हतं, म्हणून पोरीला नाव नव्हतं. आम्ही तिला नुसतं छकुली म्हणायचो.

मी गेल्यावर काही दिवसांतच पुरळ सुरू झालं. सकाळी गाल लोण्यासारखा. दुपारी झोपून उठली की डाव्या गालावर लाल-लाल बारीक दाणे. संध्याकाळी ओसरायचे, दुसऱ्या दुपारी पुन्हा हजर!

मी म्हटलं, याचा छडा लावायचाच. प्रॅक्टिकलला सॉल्ट ओळखताना एकेक गोष्ट बाद करत जातात, तसं मी सुरू केलं. पहिला संशय राईच्या उशीवर. डोकं गोल व्हावं म्हणून काकूंनी स्वतः राई निवडून ती उशी शिवली होती. दाणे रुतत असणार, म्हणून मी ती काढून टाकली. काकूंचं तोंड उतरलं. मग साबण बंद. पावडर बंद. तेल बदललं. दुपटी नुसत्या पाण्यात उकळून उन्हात वाळवली. पाळण्याचं कापड घासत असेल म्हणून तिला सरळ गादीवर निजवायला लागले. पुरळ काही हटेना.

उलट ते चिघळायला लागलं. दाण्यांतून पाणी यायचं, पोर गाल पुसू द्यायची नाही. शेवटी वाशीला त्वचेच्या डॉक्टरांना दाखवलं. ते म्हणाले, “दाब पडला की उठणारी अ‍ॅलर्जी दिसतेय. क्रीम देतो, पण काहीतरी रुततंय हिला, ते आधी शोधा. एवढ्याशा जिवाला इन्फेक्शन झालं तर महागात पडेल.”

आता उशी नाही, पाळणा नाही, झबल्याला बटणं नाहीत. रुतणार काय?

त्यातच साताऱ्याहून आबा आले आणि नको तो विषय निघाला. ‘पोरीला आई पाहिजे. परकी आणण्यापेक्षा मावशी काय वाईट?’ आमच्याकडे हे सर्रास व्हायचं... बहीण गेली की धाकटीला त्याच घरात द्यायची. मी ताडकन म्हटलं, “आबा, मी काय बदली कामगार आहे? एक गेली, दुसरी लावा कामाला?” दाजी मान खाली घालून बाहेर निघून गेले. मला नंतर वाईट वाटलं, पण माझा नकार पक्का होता.

त्यानंतर एका दुपारी मासेवाली आली. नेहमीची नव्हती, सारसोळ्याचीच पण नवीन. तिला आमच्या घरातलं काही माहीत असायचं कारण नव्हतं. काकू बोंबील घेत होत्या आणि मी नुकत्याच उठलेल्या छकुलीला घेऊन दारात उभी होते. तिने पोरीकडे पाहिलं आणि सहज म्हणाली,

“बाय गो, पोरीला उराशी घेतेस तवा गल्यातला मंगलसूत्र मागं टाकत जा. मनी रुतलेत बग गालाव.”

माझा हात गळ्याकडे गेला. मोकळा गळा. माझं लग्नच झालेलं नव्हतं. काकूंचे यजमान जाऊन बरीच वर्षं झाली होती, त्यांचाही गळा मोकळा. त्या घरात औषधाला काळा मणी नव्हता. ताईचं मंगळसूत्र तिच्याबरोबरच गेलं होतं. निदान सोन्याच्या वाट्या तरी काढून घ्या, असं कुणीतरी म्हणालं तेव्हा काकू कडाडल्या होत्या — “ल्याली तशी जाऊ द्या माझ्या सुनेला!”

मासेवाली गेल्यावर काकूंनी पोरीला खिडकीपाशी नेलं. मीही पहिल्यांदाच नीट पाहिलं. दाण्यांच्या दोन ओळी होत्या, शेजारी-शेजारी. त्या जिथे मिळत होत्या तिथे दोन गोल वळ. एक अख्खा, दुसरा एका बाजूने चपटा.

ताईची एक वाटी कपाटाच्या दारात सापडून चेपली होती. नीट करून आणू, आणू म्हणता राहून गेली.

काकूंनी पोरीला छातीशी धरलं. “तिचंच हाय गं ते. येतीया ती... दुपारची लेकीला निजवतीया.”

“काहीतरीच काय काकू!” मी ओरडलेच. पण नजर त्या वळांवरून हलेना.

दुसऱ्या दुपारी मी पोरीला उघड्या गादीवर निजवलं. खाली फक्त धुतलेलं धोतर. मी शेजारी बसून राहिले, नजर हलवली नाही. बराच वेळ काही नाही. मग झोपेतच तिने मान उजवीकडे वळवली. डावा गाल वर, मोकळ्या हवेत होता. ओठ चुटूचुटू हलायला लागले, मूठ कशावर तरी मिटली. आणि माझ्या डोळ्यांदेखत तो गाल किंचित दबला आणि एकेक दाणा उठत गेला.

मला भीती नाही वाटली. हुंदका आला. मी म्हटलं, “ताई... तिला लागतंय गं. जखम झालीय तिला.”

काहीच झालं नाही. दिसलं नाही, ऐकू आलं नाही. पोर मात्र झोपेत हसत होती. इतकी निवांत ती माझ्याजवळ कधीच झोपली नव्हती.

ताईला लेकीपासून तोडावं तरी कसं? आणि न तोडावं तर पोरीचा गाल... पोरीच्या काळजीने ती अडकली असेल, कुणीतरी कायमचं आहे हे कळल्याशिवाय ती जाणार नाही, असं मला वाटलं — मला, सॉल्ट ओळखणाऱ्या मुलीला! मी आबांना हो कळवलं. दाजींनी मला बाजूला घेऊन विचारलं, “कुणी जबरदस्ती केलीय का? तू शिकायला जा. मी आणि आई बघू.” मी म्हटलं, “नाही दाजी, माझ्या मनाने करतेय.” खरं कारण त्यांना कधीच सांगितलं नाही.

गावच्या देवळात चार माणसांत लग्न झालं. नेरूळला परत आलो, त्या दुपारी छकुली झोपून उठली तेव्हा गाल स्वच्छ. दुसऱ्या दिवशीही स्वच्छ. डॉक्टर खूश झाले, “बघा, क्रीमने काम केलं!” असेलही. क्रीमने जायचं तर आधीच का गेलं नाही, आणि दाब नेमका कशाचा पडत होता, हे मी पुढे बऱ्याच डॉक्टरांना विचारलं. कुणालाच सांगता आलं नाही. मलाही येत नाही.

पण मी काय करायला लागले, सांगू? दुपारी पोरीला गादीवर निजवायचं, गळ्यातलं काढून ओट्यावर ठेवायचं, खोलीचं दार लोटून घ्यायचं आणि स्वयंपाकघरात थांबायचं. मग हळूच जाऊन, एखादा तरी दाणा उठलाय का, म्हणून तिचा गाल बघायचा. रोज.

एकदा काकूंनी पाहिलं. त्यांना मी आता आई म्हणत होते. त्यांनी मंगळसूत्र उचललं, पण विधवेने घालू नये म्हणून माझ्या गळ्यात घातलं नाही, माझ्या ओंजळीत ठेवलं. “घाल बाई,” त्या म्हणाल्या. “न्हाई यायची ती आता.”

ताईच्या तेराव्यालाही मी रडले नव्हते, पाहुण्यांची जेवणं बघत होते. त्या दुपारी मात्र ओट्याला धरून ओक्साबोक्शी रडले. माझ्यासाठी माझी ताई तेव्हा गेली.