हाच ना, मावशी?

नोकरीत तपासलेले पुष्कळ गुन्हे आता एकमेकांत मिसळून गेलेत. मुलुंडची ती सोनसाखळी मात्र अजून वेगळी आठवते.

त्या सुमारास आमच्या पोलीस ठाण्याला छातीवर लावायचे कॅमेरे मिळाले. हार, फीत, भाषणे, फोटो सगळे झाले. कॅमेरा बंद कधी करायचा, हे सांगायला मात्र कोणाला वेळ मिळाला नाही. आमचे एक जुने हवालदार तो ड्युटीभर सुरूच ठेवत.

बाजारातून परतणाऱ्या एका साठीच्या बाईंची साखळी मोटारसायकलवरच्या माणसाने खेचली. दोन दिवसांनी खबऱ्याने एका फ्रिज दुरुस्त करणाऱ्याचे नाव दिले. पूर्वी चोरीत अटक झालेला, मोटारसायकलही तशीच. चौकशीत तो एकच सांगत राहिला, "साहेब, मी तेव्हा ऐरोलीला कामावर होतो." ज्यांच्याकडे काम केले ते भाडेकरू घर सोडून गेले होते. साखळी सापडली नाही. पण तुरुंगातल्या ओळख परेडमध्ये बाईंनी रांगेतून थेट त्याच्यावर बोट ठेवले. माझ्या दृष्टीने प्रकरण संपले.

दोषारोपपत्राला जोडायचे म्हणून कॅमेऱ्यातले चित्रण पाहायला बसलो. घटनेनंतर लगेच, रस्त्यावरच, बाई हवालदारांना सांगत होत्या, "हेल्मेट होतं हो त्याच्या डोक्यावर. तोंड कुठे दिसलं?"

पुढचे चित्रण अटकेच्या दिवशीचे. बाई जबाबावर सही करायला ठाण्यात आल्या होत्या. परेडआधी कोणी पाहू नये म्हणून रस्त्यावर झाकलेले आरोपीचे तोंड आत येताच उघडे केले होते. हवालदारांनी बाईंना बाकावर बसवून पाणी दिले आणि आपुलकीने विचारले,

"हाच ना, मावशी?"

"असेल बाबा."

"असेल काय? नीट बघा. अंगकाठी बघा."

"हो... हाच वाटतो."

परेडमध्ये बाईंनी चोर ओळखलाच नव्हता. आमच्या बाकावर बसून पाहिलेला माणूस ओळखला होता.

हवालदारांना विचारले. "म्हातारीचा परेडला गोंधळ नको, म्हणून दाखवला साहेब." त्यांना त्यात वावगे वाटत नव्हते. असे 'दाखवणे' सर्रास चाले आणि मलाही ते ठाऊक होते.

वरिष्ठ म्हणाले, "हे जोडायलाच हवं का रे?"

"नाही जोडलं तर तो आत सडेल, साहेब."

त्यांनी फाईल माझ्याकडे सरकवली. "मग लिही."

पुराव्याअभावी सोडण्याचा अहवाल कोर्टात गेला. तो सुटला. माझ्यावर चिडलाही नाही. एवढेच म्हणाला, "गिऱ्हाईकं गेली, साहेब. थांबणार थोडीच?"

बाईंना कळवायला मी स्वतः गेलो. त्या गोंधळल्या, मग रडवेल्या झाल्या. "पण तुमचाच माणूस म्हणाला ना हाच म्हणून? पोलीस उगाच कशाला कुणाला धरतील?"

खोटे कोणीच बोलले नव्हते. बाईंची खात्री खरी होती, ती आम्ही तयार करून दिली होती. अशी खात्री उलटतपासणीतही हलत नाही.

कॅमेरे येण्याआधीच्या वर्षांत मी अनेकांना ओळख परेडच्या जोरावर शिक्षा मिळवून दिली. त्यांना आमच्या बाकावरून कोणी पाहिले होते का, हे तपासायला आता काहीच शिल्लक नाही.