कॉम्प्युटरच्या तोंडात अक्षता

आमच्या डोंबिवलीच्या घरी कॉम्प्युटर आला, तेव्हा आईने त्याला जावयासारखं ओवाळून आत घेतलं. तिथवर ठीक होतं. पण दसऱ्याला तिने कहरच केला. बाबांची स्कूटर, तिचं शिलाई मशीन आणि माझा कॉम्प्युटर, तिघांना हळदकुंकू, झेंडूची माळ आणि वर फर्मान: आज यंत्रांना सुट्टी, कुणी हात लावायचा नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी ठाण्याच्या क्लासमध्ये माझं प्रोजेक्ट दाखवायचं होतं. नाही दाखवलं तर डिप्लोमा गेला आणि घरात स्थळं बघणं सुरू! सकाळी प्रोजेक्ट फ्लॉपीवर घ्यायला बसले, तर फ्लॉपी आत जाईचना. टॉर्च मारून बघितलं. फटीत ओल्या अक्षता.

"अगं आई, हे काय केलंस?"

"तोंड दिसलं, म्हणून घातल्या. त्यात काय एवढं?"

मी जी काय तणतणले म्हणता! बाबा हेअरपिन घेऊन फटीत खुपसायला निघाले, त्यांना आधी आवरलं. मग त्यांनीच तोडगा काढला. "फ्लॉपी जात नाही ना? अख्खा डबाच नेऊ."

रिक्षात मध्ये आई, तिच्या मांडीवर चादरीत गुंडाळलेला सीपीयू, एका बाजूला बाबा, दुसऱ्या बाजूला धुसफुसणारी मी. शीळफाट्याच्या खड्ड्यांत आईने त्याला तान्ह्या बाळासारखं कवटाळून धरलेलं. क्लासमध्ये सरांनी चादर सोडली, तर झेंडूची माळ तशीच! सगळी पोरं फिदीफिदी हसली, मी मेल्याहून मेले. पण सरांनी मॉनिटर जोडला आणि माझं प्रोजेक्ट धडाधड चाललं. पास!

परतताना माझा जीव भांड्यात पडलेला, त्यामुळे आवाजही जरा खाली आलेला. विचारलं, "त्याच्या तोंडात अक्षता घालून मागितलंस तरी काय गं?"

आई बाहेर बघत म्हणाली, "मागायचं काय? तू सदा त्याच्यासमोर. आम्ही हाका मारून मारून थकलो, तरी ओ देत नाहीस. म्हटलं, बाबा रे, तुझंच ऐकते ती. तर तूच विचार तिला, जेवलीस का म्हणून."

मला रिक्षातच रडू फुटलं. "भूक लागलीय गं," एवढंच कसंबसं म्हणता आलं.