डावीकडे वळताना वाजणारा हॉर्न

गाडी फक्त एसीसाठी सर्व्हिस सेंटरला गेली होती. हे आधीच सांगते, कारण तिथे हे शेवटपर्यंत कोणाला पटलं नाही.

दुसऱ्या दिवशी अब्बा दोन वर्षांनी कतारहून येणार होते. त्यांना विमानतळावरून आणायला मी एकटी गाडी घेऊन जाईन, असं मी स्वतःहून म्हटलं होतं. मी स्वतःहून काही म्हणायची घरात कोणाला सवय नाही. अम्मीने दोनदा विचारून खात्री केली आणि मग रेवदंड्यातल्या यच्चयावत नातेवाइकांना कळवलं. माघारीची वाट बंद.

दुपारी चारला गाडी परत मिळाली. एसी बर्फासारखा गार. फक्त डावा इंडिकेटर दिला की हॉर्न वाजायचा आणि ब्रेक दाबला की वायपर फिरायचे. बाहेर लख्ख ऊन होतं, पण वायपरना कोण सांगणार?

"हे आधीपासूनच असेल, मॅडम," सर्व्हिसवाला म्हणाला. सकाळी गाडी त्यानेच ताब्यात घेतली होती. "समुद्राकाठची गाडी. खारी हवा वायरी खाते."

आमच्याकडे खाऱ्या हवेवर काहीही ढकलता येतं. गंजलेलं गेट, गळणारे केस, मोडलेलं लग्नसुद्धा. पण या हवेने आमच्या अंगणात इतकी वर्षं वाट पाहिली आणि नेमकं यांच्या शेडमध्ये जेवायला बसली! एवढी शिस्तीची हवा मी पाहिली नव्हती.

हे सगळं मी मनात म्हटलं. तोंडाने म्हणाले, "अच्छा."

"इथे सही करा, काम समाधानकारक म्हणून. आणि कंपनीतून फोन येईल, दहापैकी दहा द्या हं. नऊ दिले तरी आम्हाला बोलणी बसतात."

मी पेन घेतलं. वाद टाळायला मी बऱ्याच ठिकाणी सह्या केल्या आहेत. पण विमानतळाबाहेरचं पहिलं डावं वळण डोळ्यांसमोर आलं, आणि शेजारी बसलेले अब्बा.

मला भांडता येत नाही, म्हणून मी पुरावे जमवते. सकाळी चावी देण्याआधी मी व्हिडिओ काढला होता. तो लावून फोन त्याच्यापुढे धरला. इंडिकेटर, हॉर्न, वायपर, सगळे आपापलं काम करत होते. आणि मागून त्याचाच आवाज, जो मीही विसरले होते: "वा मॅडम, समुद्राकाठची गाडी वाटतच नाही. एकदम टकाटक!"

त्याने सहीचा कागद हळूच मागे ओढला.

"परत लावू?" मी विचारलं. माझ्या हिशेबाने हे भाषण होतं.

गाडी पुन्हा आत गेली. तिघं बॉनेटमध्ये वाकले. बॅटरीची वायर काढली, चहा प्यायले, वायर परत लावली. हॉर्न गप्प झाला, वायपरही.

"काय झालं होतं?"

"तसं काहीच नव्हतं, मॅडम. होतं कधी कधी."

दुसऱ्या दिवशी विमानतळाबाहेर मी डावा इंडिकेटर दिला. नुसतं टिक टिक.

"गाडी चालवताना श्वास रोखतेस का गं?" अब्बांनी विचारलं.

पेणजवळ चहाला थांबलो, तेव्हा कंपनीचा फोन आला. अनोळखी नंबर मी उचलत नाही. हा उचलला.

"दहापैकी किती द्याल, मॅडम?"

"नऊ."

"एक का कमी केला?"

"खारी हवा. खाल्ला असेल तिने."

अब्बांचा चहाचा ग्लास हवेतच राहिला.